डबीवर न लिहिलेलं

मला इंग्रजी वाचता येतं याचा आमच्या सासूबाईंना कोण अभिमान! बडोद्यात महाराजांनी मुलींचं शिक्षण सक्तीचं केलं, शाळांना शिक्षिका हव्या झाल्या. सून नोकरीला जाणार म्हणून नातेवाइकांनी नाकं मुरडली, तेव्हा एकट्या सासूबाई माझ्या बाजूनं उभ्या राहिल्या. त्याची परतफेड मी कशी केली ते सांगते.

दर शनिवारी त्या हरणीच्या मारुतीला अनवाणी चालत जात. त्या उन्हाळ्यात त्यांचे गाल आणि कपाळ भाजून सालपटं निघायला लागली. चंदनाचे लेप झाले, गुण येईना. शेवटी ह्यांनी विलायती मलमाची डबी आणली. उन्हात जाण्याआधी चेहऱ्याला लावायचं. सासूबाईंनी डबीला हात न लावता लांबूनच विचारलं, "यात चरबी नाही ना गं? वाच बरं."

मी दिवसभर वर्गात घसा फोडून आले होते. पाय दुखत होते, भाकऱ्या व्हायच्या होत्या. डबीवर झगा घातलेली एक मडम होती. ऊन बाधणार नाही, कांती उजळेल, अशी ग्वाही होती. आत काय घातलंय याबद्दल अवाक्षर नव्हतं. मी डबी नुसती फिरवली आणि म्हटलं, "नाही हो. गुलाबपाणी आणि मेण आहे."

विषय मिटावा म्हणून बोलले, दुसरं काही नाही.

सासूबाई महिनाभर मलम लावत होत्या. चेहरा निवला. त्याच चेहऱ्यानं त्या देवासमोर बसायच्या आणि इकडे मी डबी पुन्हा पुन्हा उलटसुलट करून वाचायचे. एके दिवशी, आतलं सगळं लिहिलेली दुसरी डबी मिळते का बघायला, शाळेतून परस्पर दुकानात गेले. दुकानदार भला माणूस, त्यानं चार तऱ्हेच्या डब्या पुढं मांडल्या. एकीवरही आतल्या जिनसा लिहिलेल्या नाहीत.

"बेन, अंदर शुं छे ए तो बनावनार जाणे," तो म्हणाला. आत काय ते बनवणाऱ्यालाच ठाऊक! "सुगंध सरस छे ने? लई जाओ."

यातून निवडायचं म्हणजे काय निवडायचं, मडमेचा झगा? मला हसूही आलं नाही. रिकाम्या हातानं घरी आले.

सासूबाई वाती वळत होत्या. समोर बसून सांगून टाकलं, की डबीवर तसं काही लिहिलेलं नाही, मी मनानंच बोलले. वाटलं, आता घर डोक्यावर घेतील. त्या उठल्या, चेहरा धुऊन आल्या आणि पुन्हा वात हातात घेतली.

"लिहिलेलं नाही, एवढंच सांगायचंस ना," त्या म्हणाल्या. "मी लावलं नसतं. चेहऱ्याचं मेलं काय, भाजला असता."

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. चार दिवसांनी करजणहून नणंदेचं पत्र आलं. साधं मराठीतलं, ठळक अक्षरातलं. वाचून दाखवायला मी नेहमीसारखा हात पुढं केला होता. सासूबाईंनी ते पदराखाली घेतलं आणि वाचून घ्यायला शेजारच्या काकूंकडे गेल्या.