त्याचं होऊ दे

नजर पडद्यावर, उजवा हात गार झालेल्या चहाच्या कपाकडे निघालेला आणि डावा पंजा आपल्या दिशेनं उभा. "थांबा. त्याचं होऊ द्या." तुम्ही कितीही घाईचं काम घेऊन आलात तरी ताईंकडून पहिलं हेच ऐकायला मिळायचं. 'तो' म्हणजे कोण, असं मी नोकरीच्या पहिल्याच दिवशी विचारलं आणि फसलो. माझी दुपार त्यातच गेली.

आमचं ऑफिस वर्ध्याला, बसस्थानकामागच्या गल्लीत, एका कृषी केंद्राच्या वरच्या मजल्यावर. खालून औषधांचा वास, वर आम्ही. कापसाच्या जिनिंगवाल्यांना काट्याचं सॉफ्टवेअर करून द्यायचं, हा आमचा धंदा. गाडी काट्यावर चढली की वजन घ्यायचं आणि पावती छापून द्यायची, एवढंच ते करतं. मी वाणिज्य शाखेचा माणूस, बिलं आणि फोन माझ्याकडे. प्रोग्राम लिहिणारी चार-पाच पोरंपोरी होती आणि त्यांच्या डोक्यावर ताई. वयानं पंचेचाळिशीच्या, अंगानं किरकोळ, आवाज मात्र खालच्या दुकानात बी-बियाणं घेणाऱ्यालाही ऐकू जाईल असा.

तर त्या दुपारी मला समजलं ते असं. कॉम्प्युटरमध्ये एक प्रोग्राम दुसऱ्या प्रोग्रामला जन्म देतो. त्याला ही मंडळी लेकरूच म्हणतात. काट्याचा मुख्य प्रोग्राम प्रत्येक गाडीमागे एक लेकरू काढतो, ते पावती छापतं आणि संपतं. पण संपताना ते एक आकडा मागे ठेवतं, काम कसं झालं ते सांगणारा. मायनं, म्हणजे त्या मुख्य प्रोग्रामनं, तो आकडा विचारून घेतला की लेकरू सुटलं. नाही घेतला, तर काम संपूनही त्याचं नाव मशीनच्या यादीत पडून राहतं.

"मेलं बी नाई, जित्तं बी नाई," ताई म्हणाल्या. "काऊन? तं माय विचाराले आलीच नाई."

"मग मायनं काय सगळी कामं सोडून दारात बसायचं?" मी आपला वाद घातला. वाद घालणं हा माझा स्वभावच आहे.

"तसं बी करता येते. पण भाऊ, भाकरी थापता थापता बी दाराकडं पाहता येते ना. बसून राहनं जरूरी नाई. विचारनं जरूरी आहे."

हे सगळं मशीनपुरतं राहिलं असतं तर मी हे लिहायला बसलो नसतो. ताईंनी तो नियम आम्हा सगळ्यांना लावला होता. संध्याकाळी कुणीही गुपचूप पिशवी उचलून निघायचं नाही. दारापाशी ताई विचारणार, "कसं झालं?" आणि तुम्ही सांगणार. चांगलं झालं तर चांगलं, बिघडलं तर काय बिघडलं ते. त्यावर रागावणं वगैरे काही नसे. मान हलवून म्हणायच्या, "बरं, जाजो आता." सुरुवातीला मला ही हजेरी वाटायची आणि माझा जीव जळायचा. नंतर लक्षात आलं की घरी जाताना डोक्यात काही उरत नाही. तुम्हीही कधी असा माणूस पाहिला असेल, नुसतं विचारून ओझं उतरवणारा.

आता या मंडळींचा एक उलटा हिशेब आहे. लेकरू शून्य ठेवून गेलं तर सगळं सुरळीत, दुसरा काही आकडा आला तर गडबड. त्यामुळे ताईंच्या तोंडी शून्य म्हणजे आनंदीआनंद. माझ्या मुलीचा दहावीचा निकाल लागला त्या दिवशी त्यांनी घरी फोन केला आणि मोठ्या मायेनं विचारलं, "शून्य ना?" फोन माझ्या बायकोनं उचलला होता. पुढे कितीतरी महिने तिनं ताईंचं नाव घरात काढू दिलं नाही.

त्या वर्षी आमच्याकडे एक नवीन मुलगी आली. कारंज्याची, म्हणून आम्ही तिला कारंजावालीच म्हणायचो. हायवेवर तिच्या वडिलांचा ढाबा. पोरीनं शिकून वर्ध्याला नोकरी करावी हे त्यांना फारसं पटलं नव्हतं. त्यांनी एकच गोष्ट सांगून ठेवली होती, या कापसाच्या सिझनात जमलं तर ठीक, नाहीतर घरी येऊन गल्ल्यावर बसायचं. हे तिनं आम्हाला डबा खाताना हसत हसत सांगितलं होतं, पण त्या दिवशी तिची पोळी तशीच राहिली होती.

सिझन भरात असताना ताईंनी तिला समुद्रपूरकडच्या एका जिनिंगवर पाठवलं. आणि ऐन गर्दीच्या दिवशी तिथला काटा अडला. वजन दिसतंय, पावती निघेना. गाड्यांची रांग फाटकाबाहेर रस्त्यावर. शेवटी मशीन बंद करून चालू केलं आणि पावत्या निघू लागल्या. तिथल्या मॅनेजरचा मला फोन आला. "बटन बंद-चालू कराले एवढा वेळ लागते का, भाऊ? सगळ्या गाडीवाल्याइनं मले शिव्या देल्या. या पोरीले परत बोलवा, दुसरा कोनी पाठवा." मी ताईंना सांगितलं. त्या पुलगावच्या दुसऱ्या कामात बुडाल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "सुरू झालं ना? मंग झालं."

कारंजावाली ऑफिसला आलीच नाही. समुद्रपूरहून वर्ध्याला उतरली आणि तशीच कारंज्याची बस धरून घरी गेली. दुसऱ्या दिवशी निरोप आला, तब्येत बरी नाही. मग निरोपही यायचे थांबले. ऑफिसातली पोरं म्हणाली, नाही जमलं तिला, जाऊ द्या.

शनिवारी संध्याकाळी ताई दाराशी उभ्या राहून एकेकाला विचारत होत्या. सगळे गेले, मी राहिलो. मग ताईंची नजर कारंजावालीच्या रिकाम्या खुर्चीवर गेली.

"भाऊ, त्या पोरीले मी विचारलंच नाई."

"आता काय विचारायचं? काटा सुरू झाला की."

"काट्याचं नाई म्हणत मी. तिचं कसं झालं ते कोनं विचारलं?"

रविवारी दुपारी आम्ही दोघं एसटीनं कारंज्याला गेलो.

ढाब्यावर ट्रकवाल्यांची गर्दी होती. कारंजावाली गल्ल्यावर बसलेली. आम्हाला पाहून ती उभी राहिली. तिचे वडील हातातली परात ठेवून पुढे आले. "मॅडम, हिच्यानं मशीन बंद पडली म्हने. मी पह्यलेच सांगतलं होतं, हे तुह्यं काम नाई."

ताईंनी त्यांना नमस्कार केला, बाजेवर बसल्या आणि मुलीला समोर बसवलं. "सांग. कसं झालं?"

ती आधी खाली पाहत राहिली. मग हळूहळू सांगू लागली. पावत्या अडल्यावर तिनं मशीन लगेच बंद केलं नव्हतं. आधी चालू प्रोग्रामांची यादी काढून पाहिली होती. तर यादीभर लेकरंच लेकरं. सगळ्यांच्या पावत्या छापून झालेल्या, पण एकालाही मायनं विचारलेलं नाही. मशीनच्या यादीत नवीन नाव घालायला जागाच उरली नव्हती, मग पुढची पावती निघणार कुठून? मशीन बंद केल्यावर यादी पुसली गेली आणि काटा चालू झाला.

"पन आपला प्रोग्राम तं सहा-सात वर्षं झाले चालून राह्यला," मी म्हणालो. मीसुद्धा तिथे गेल्यावर त्यांच्यासारखाच बोलायला लागतो. "आजवर कसं काही झालं नाई?"

"आजवर लाइन जात होती ना, भाऊ," ती म्हणाली. "रोज दोनदा लाइन गेली का मशीन बंद. यादी साफ. औंदा जिनिंगवाल्याइनं मोठं इन्व्हर्टर लावलं. आता मशीन बंदच होत नाई."

म्हणजे इतकी वर्षं आमचा धंदा लोडशेडिंगच्या आशीर्वादानं चालला होता. मला हसू आलं, पण ताईंकडे पाहून मी ते गिळलं. तो प्रोग्राम ताईंनी लिहिलेला होता. जगाला "कसं झालं" विचारत फिरणाऱ्या बाईनं स्वतःच्या प्रोग्राममध्ये विचारायचं तेवढं राहू दिलं होतं.

"मंग हे मले येऊन सांगतलं काऊन नाई?"

"तुमचा प्रोग्राम होता, ताई. अन् मले वाटलं..." तिनं एकदा वडिलांकडे पाहिलं. "मले वाटलं, कोनी विचारनार असते तं फोन आला असता."

ताईंनी तिचा हात हातात घेतला. मग वळून तिच्या वडिलांना म्हणाल्या, "दादा, मशीन माह्यामुळं बंद पडली. हिनं सुरू केली. काऊन बंद पडली हे आमच्या ऑफिसात फक्त हिले समजलं, अन् मी हिले विचारलं नाई. चूक माही आहे. उद्या हिले पाठवजा."

वडिलांनी पोरीकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं आणि आत वळून चहा सांगितला. आम्ही निघताना ते बसपर्यंत आले. "सकाळच्या गाडीनं पाठवतो," म्हणाले. सोमवारी ती आली, सोबत घरच्या शेवभाजीचा डबा. प्रोग्राममध्ये जे लिहायचं होतं ते तिनंच लिहिलं. ताई शेजारी नुसत्या बसून होत्या. मी काही विचारायला गेलो तर दोघींचेही पंजे एकदम वर झाले.

नंतर ताईंच्या यजमानांची बदली गोंदियाला झाली आणि ताई निघाल्या. निरोपाच्या दिवशी मी थट्टेनं म्हणालो, "आता आमची माय चालली. आमची नावं पडून राहणार यादीत." तर म्हणाल्या, "माय गेली म्हनून लेकरू वाऱ्यावर पडत नाई, भाऊ. मशीनमंधी सगळ्यात पह्यला जो प्रोग्राम असते, तो अशा सगळ्याइले आपल्याकडं घेते. मंग तो विचारते." आणि कारंजावालीकडे पाहून हसल्या. पण जिन्यात मला हळूच म्हणाल्या, "तिथं या वयात मले कोन काम देईन हो? घरी बसून राहाले मले जमनार नाई."

पुढच्याच महिन्यात गोंदियाच्या एका कॉलेजात त्यांची मुलाखत होती, शिकवण्याच्या नोकरीसाठी. त्या संध्याकाळी मी पिशवी उचलली तर दारात कारंजावाली उभी. सगळ्यांचं विचारून झालं होतं, तरी ती बाजूला होईना.

"आता काय राहिलं?" मी म्हणालो.

तिनं पंजा वर केला. "थांबा. ताईंचं होऊ द्या."

आम्ही सगळे परत बसलो. खालचं दुकान बंद व्हायला आलं होतं, चहा दुसऱ्यांदा आला. मग फोन वाजला. तिनं तो सगळ्यांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला.

"झालं का रे सगळ्याइचं आज?" ताईंचा तोच आवाज.

"आमचं झालं, ताई. तुमचं कसं झालं?"

फोन कटला असं वाटून मी त्यावर वाकलो. मग ताई बोलू लागल्या, आणि बोलतच राहिल्या. बाहेर बाकड्यावर बसून हात कसे गार पडले, आत कोण कोण होतं, कुठे अडखळल्या, निघताना चष्मा तिथेच कसा विसरला.

त्यांचं सांगून संपलं तेव्हा कारंजावालीनं विचारलं, "शून्य?"

"शून्य," ताई म्हणाल्या. "सोमवारपासून या म्हने."

"बरं, ताई. जाजा आता," ती म्हणाली आणि तिनं डोळे पुसले. मग आम्ही घरी गेलो.