पडद्याबाहेर दिलेलं उत्तर

तुमची आई म्हणाली, नातवंडांना हे कशाला लिहितेस? पण तुम्ही आता मोठे आहात, आणि आपल्या घरात कुजबुजीने पुरेसं नुकसान झालेलं आहे.

माझं अंग बाहेर येत होतं. म्हणजे गर्भाशय घसरून योनीच्या तोंडाशी आलं होतं. बाळंतपणं झालेल्या अनेक बायकांना उतारवयात हे होतं. खोकला आला की लघवी निसटायची. लग्नाकार्याला मी पाणी न पिता जायची आणि दाराजवळची खुर्ची धरायची. लातूरच्या नणंदेने फोनवर निकाल देऊन टाकला, "वहिनी, पिशवी काढा अन् मोकळ्या व्हा. आमच्या गल्लीत कुणाचीच राहिली न्हाई." त्यामुळेच मी डॉक्टर टाळत होते. सगळ्या गल्लीला एकच आजार कसा होईल?

शेवटी लोह्याहून नांदेडला गेलो. सोबत तुमचे आजोबा, आणि गाडी चालवायला तुमचा मामा. डॉक्टरबाईंनी तपासलं. मी पडद्यामागे साडी नीट करत असताना त्यांनी बाहेर हलक्या आवाजात काही विचारलं. मग आजोबा काहीतरी पुटपुटले. मी बाहेर आले तेव्हा मामा भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होता आणि आजोबांचे कान लाल झाले होते. डॉक्टरबाई म्हणाल्या, छोटं ऑपरेशन आहे, आतून टाके घालू, पुन्हा त्रास होणार नाही.

डॉक्टरांच्या "छोटं" या शब्दावर माझा विश्वास नाही. घरी आल्यावर आजोबांनी चक्क डाळिंब सोललं. ज्यांनी आजवर स्वतःचा चहाचा कप उचलला नव्हता, त्यांनी वाटीभर दाणे माझ्यापुढे ठेवले. मामा येता-जाता विचारायचा, "आई, बरं हाय ना?" पण बघायचा दुसरीकडेच. मी सगळ्याची संगती लावली. कॅन्सर आहे, आणि मला सांगायचं नाही असं या दोघांनी ठरवलंय. मी कपाट आवरलं. कोणती साडी कुणाला द्यायची तेही ठरवलं.

एका दुपारी मामा बाहेर गेल्यावर मी आजोबांसमोर बसले.

"डॉक्टरांनी तुम्हाला काय विचारलं?"

"काही न्हाई."

"मग कान का लाल झाले?"

ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले. "आपले संबंध हायत का, असं विचारलं."

"आणि तुम्ही?"

"न्हाई म्हणालो. पोरगं शेजारी बसलेलं. काय सांगू?"

मला हसू आलं. म्हणजे कॅन्सर नव्हता, नुसती लाज होती. पण हसता हसता दुसरी शंका आली: डॉक्टरांना हे कशाला हवं होतं? मी मोबाइलवर इंग्रजीतून शोधून वाचलं. ज्या वयस्कर बाईचे संबंध उरलेले नाहीत, तिच्यासाठी एक सोपं ऑपरेशन असतं. योनीमार्ग आतून शिवून बंद करतात, कायमचा. आजोबांना मराठीत समजावून सांगितलं. ते हळूच म्हणाले, "मला वाटलं, नुसतं लिहून घ्यायला विचारत असतील."

दुसऱ्या दिवशी मी एकटीच एसटीने नांदेडला गेले. डॉक्टरबाईंना म्हणाले, "माझ्या नवऱ्याने खोटं सांगितलं. आमचे संबंध आहेत, आणि ते राहावेत अशी माझी इच्छा आहे."

त्यांनी पेन खाली ठेवलं. मार्ग तसाच ठेवून आतून आधार शिवता येतो, म्हणाल्या. ऑपरेशन मोठं, आणि अंग पुन्हा उतरण्याची शक्यता जास्त. मी म्हटलं, चालेल.

"घरी विचारून सांगता का?"

"घरी विचारलंत म्हणूनच हे इथवर आलं."

त्या ओशाळल्या. त्यांनी कागदांवर ऑपरेशन बदललं असेल यावर तरी मी का विश्वास ठेवावा? ऑपरेशनच्या टेबलावर भूल द्यायच्या आधी मी विचारलं, "कोणतं करणार आहात?" त्यांनी नीट सांगितलं. मी त्यांना पुन्हा एकदा सांगायला लावलं, आणि मगच डोळे मिटले.