बुरूज काढून टाक

रत्नाकर क्षेमकल्याणीला घाणीचा भारी तिटकारा, अगदी नाशिकला असल्यापासूनचा. लाल समुद्राच्या किनाऱ्यावर सर्व्हेअर म्हणून बावीस वर्षं गेली, तरी मेसमध्ये तो खिशातला स्वतःचा चमचा दोनदा पुसल्याशिवाय ताटाला हात लावत नसे. सोबतचे हसायचे. हसा, म्हणायचा, तुमचं पोट तुम्हाला लखलाभ.

पाइपलाइन जिथून जाणार होती त्या टेकाडावर एका चौकोनी दगडी बुरुजाचं कमरेएवढं जोतं उरलं होतं. तिथल्या पुरातत्त्व खात्याच्या उमामाबाईंचा अंदाज असा, की ही दोन हजार वर्षांपूर्वीची रोमच्या शिपायांची टेहळणीची चौकी असावी. राज्याच्या शेवटच्या टोकाला बसून गलबतं हेरायची आणि वेळ पडली तर जाळ करून पुढच्या चौकीला कळवायचं. पण नुसत्या अंदाजावर पाइपलाइन वळत नाही. गुरुवारपर्यंत मोजमापासह नकाशा द्या, त्या म्हणाल्या, म्हणजे मला काम थांबवता येईल.

रत्नाकर गेला आणि दहा पावलं अलीकडेच थबकला. मजुरांनी बुरुजाच्या आत संडास केला होता. घोंघावणाऱ्या माशा, पाण्याच्या बाटल्या, डोकं उठवणारा दर्प. शी! कंपनीनं शंभर माणसांत एक संडास दिलाय आणि तोही दोन किलोमीटरवर, हे त्याला ठाऊक होतं, पण तेव्हा किळस आली ती मजुरांचीच. नाकाला रुमाल लावून तो गाडीत बसला, एसी वाढवला आणि केरूला व्हॉइस मेसेज धाडला. केरू दापोलीचा फोरमन. मोजणीची माणसं आणि दगडमाती उपसायचं लोडर मशीन, दोन्ही त्याच्याच हाताखाली.

"केरू, तो बुरूज आजच काढून टाक रे. मला तिथं उभं राहवत नाही."

'नकाशा' हा शब्द तेवढा राहून गेला.

दुपारी येऊन पाहतो तर टेकाड सपाट. केरू खुशीत होता.

"काढला, साहेब. घाणपण गेली."

रत्नाकरला त्याच्यावर ओरडता येईना. काय म्हणून ओरडणार? सांगितलं तेच त्यानं केलं होतं. मॅनेजरनं तर पाठ थोपटली, जागेच्या पाहणीच्या फॉर्मवर 'सुटे दगड' एवढं लिही, म्हणाला, खलास. पाठीवरचा तो हात रत्नाकरला त्या बुरुजातल्या घाणीहून ओंगळ वाटला. त्यानं फॉर्म कोराच परत केला.

गुरुवारी उमामाबाई आल्या तेव्हा त्यानं काही लपवलं नाही. माझ्या निरोपामुळे पडला, म्हणाला. मग त्यांनी वही उघडली.

"तुम्ही पाहिला होतात ना? आठवेल तेवढं सांगा. भिंत किती जाड होती? दार समुद्राकडे होतं की जमिनीकडे?"

बावीस वर्षांत ज्यानं मिलिमीटरची चूक खपवून घेतली नाही, तो माणूस मान खाली घालून उभा राहिला. वास सोडला तर त्या बुरुजाचं त्याला काहीच सांगता येईना.