लाल नाही म्हणजे हिरवं

ऑफिसात तिला सगळे टॅगताई म्हणत. नाव चेष्टेनं पडलं आणि चिकटलं. तिची कंपनी रक्त तपासणाऱ्या एका मोठ्या लॅबची वेबसाइट सांभाळायची, आणि त्या साइटच्या पानांचे साचे बनवणं हे तिचं काम. पानं सजवणाऱ्या मुलींना प्रोग्रॅमिंग येत नव्हतं, म्हणून तिनं त्यांच्यासाठी तयार टॅगांची, म्हणजे पानात हवे तिथे बसवायच्या तयार तुकड्यांची, एक लायब्ररी लिहून ठेवली होती. पानात टॅग ठेवायचा आणि महिरपी कंसात एक लहानसा प्रश्न लिहायचा: हा आकडा मर्यादेपेक्षा जास्त आहे का? उत्तर हो आलं की रुग्णाच्या मोबाइलवर लाल पट्टी, नाहीतर हिरवी. या प्रश्नांच्या भाषेला एक्स्प्रेशन लँग्वेज म्हणतात. "भाषा कसली, नुसती बाराखडी आहे," ती नव्या मुलींना सांगायची. "आणि स्वभावानं गरीब. तुम्ही चुकलात तरी ओरडत नाही."

तिचा दादा कारखान्यात लेथ मशीनवर काम करायचा. आईवडील लवकर गेले, तेव्हा त्यानंच तिला शिकवलं. तिच्या पहिल्या कॉम्प्युटरचं टेबल त्यानं लोखंडी पट्ट्या जोडून स्वतः केलं होतं. टेबल इतकं जड झालं, की घर बदलताना चार माणसं लागली आणि चौघांनीही दादाला शिव्या घातल्या. वहिनी सासरी आली तेव्हा ही शाळेत होती. वहिनी तिला नाव घेऊन कधी बोललीच नाही. दादासारखीच "छोटे" म्हणायची, आणि छोटीचे केस पांढरे व्हायला लागले तरी छोटेच म्हणत राहिली.

उभं राहून राहून दादाचे गुडघे गेले. दुखणं थांबवायच्या गोळ्या तो चणेफुटाण्यासारख्या खायचा. डॉक्टर म्हणाले, या गोळ्यांनी किडनी बिघडते, आधी तिची तपासणी करा, ठीक असेल तरच गोळ्या चालू ठेवा. त्यानं रक्त दिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचा फोन आला.

"छोटे, तुमच्या लॅबचं पान उघडलंय. हिरवी पट्टी दिसतेय. मर्यादेत, असं लिहिलंय."

"हिरवं आहे ना? मग झालं तर. उगाच जिवाला घोर लावून घेऊ नकोस."

तो डॉक्टरांकडे परत गेला नाही. गोळ्या चालू राहिल्या.

काही महिन्यांनी त्याच्या पायांना सूज आली, मग तोंडावर. जेवण जाईना. एक दिवस लेथपाशीच तो खाली बसला आणि उठेना. हॉस्पिटलात सांगितलं, दोन्ही किडन्या जवळजवळ निकामी झाल्यात. डायलिसिस लावलं. तिथले डॉक्टर विचारत होते, मधे एकदाही तपासणी केली नाहीत? वहिनी तावातावानं म्हणाली, "केली होती की! चांगली आली होती."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेल्या गेल्या टॅगताईनं दादाचा जुना अहवाल शोधला. किडनीच्या रकान्यात आकडाच नव्हता. नमुना खराब झाला होता आणि लॅबनं तो पुन्हा मागवायच्या यादीत टाकला होता, पण तो निरोप दादापर्यंत कधी पोचला नव्हता. पानाला मात्र उत्तर द्यायचं होतं. रिकामा आकडा मर्यादेपेक्षा जास्त आहे का? नाही. नाही, म्हणून हिरवं. कुठे एरर नाही की इशारा नाही. प्रश्न पान सजवणाऱ्या एका मुलीनं लिहिला होता, अगदी शिकवला तसा. आणि दोनच पट्ट्यांचा तो टॅग टॅगताईचा स्वतःचा होता. तिसरी पट्टी तिनं कधी ठेवलीच नव्हती.

ती साहेबांच्या केबिनमध्ये गेली. साहेब तिच्याहून वयानं लहान, वागायला सालस. सगळं ऐकून त्यांनी दार लावून घेतलं.

"ताई, आज दुरुस्त करून टाका. बाहेर बोलू नका. झाकली मूठ राहू दे."

"आणि आधी ज्यांनी पानं बघितली ते? माझा भाऊ एकटाच नसेल."

"लॅबनं काम काढून घेतलं तर इथली सगळी पोरं घरी बसतील. त्याचा विचार केलात?"

"केला," ती म्हणाली. "आणि त्या मुलीला काही बोलू नका. टॅग माझा आहे."

तिनं आपल्या जागेवर येऊन साचा दुरुस्त केला आणि तिथूनच लॅबच्या मुख्य डॉक्टरबाईंना फोन लावला. बाई आधी चिडल्या, मग म्हणाल्या, "अशा सगळ्यांना आम्ही फोन करू."

संध्याकाळी ती हॉस्पिटलात गेली. दादाच्या हातातून रक्ताच्या नळ्या मशीनकडे गेल्या होत्या. वहिनी चहा आणायला खाली गेलेली. तिनं त्याला सगळं सांगितलं, स्वतःची बाजू न घेता. तो छताकडे बघत ऐकत होता.

"म्हणजे माझं रक्त तपासलंच नव्हतं?"

"नाही, दादा."

"मग तपासलं नाही, असं लिहायला काय झालं होतं?"

तो रागावला नाही. रागवायला लागतं तेवढं बळही त्याच्यात उरलं नव्हतं. तो म्हणाला, "हिला सांगू नकोस. ती हाय खाईल." मग त्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं. ती गेली तेव्हाही त्यानं इकडे पाहिलं नाही.

त्याच आठवड्यात फुप्फुसात पाणी होऊन दादा गेला.

लॅबचे फोन त्यानंतर सुरू झाले. दादाचा मोबाइल वहिनीजवळ होता. समोरची मुलगी पाठ केल्यासारखी बोलत होती: आपल्या अहवालात तांत्रिक चूक होती, कृपया पुन्हा तपासणी करून घ्यावी, पैसे लागणार नाहीत. वहिनीनं सगळं ऐकून घेतलं. मग ती आतल्या खोलीत आली. टॅगताई तिथे दादाचे कपडे घडी करत बसली होती.

"ह्यांनी अहवाल बघितला ते पान तुझ्याच कंपनीचं ना?"

"हो, वहिनी."

"तुला ठाऊक होतं?"

"दादा असतानाच कळलं. त्याला सांगितलं होतं. तो म्हणाला, तुला सांगू नको."

वहिनी तिच्या हातातल्या सदऱ्याकडे बघत राहिली. "मला वाटायचं, मीच त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. रोज तेच वाटायचं. तू रोज शेजारी बसायचीस आणि मला तसंच वाटू द्यायचीस." तिनं सदरा ओढून घेतला. "निघा तुम्ही आता."

एवढ्या वर्षांत वहिनीनं तिला कधी 'तुम्ही' म्हटलं नव्हतं.

लॅबनं काम काढून घेतलं. साहेब म्हणाले होते तशी सगळी नाही, पण निम्मी पोरं घरी बसली. ती प्रश्न लिहिणारी मुलगीही त्यांत होती, आणि जाताना ती टॅगताईशी एक शब्द बोलली नाही. फोन केलेल्यांपैकी काहींचे आजार वेळेत सापडले, असं डॉक्टरबाईंनी कळवलं. किती जणांचे सापडले नाहीत, ते तिनं विचारलं नाही.

तिला दुसरीकडे काम मिळालं. सुट्टीच्या दिवशी ती वहिनीला फोन लावायची, वाजून वाजून तो बंद व्हायचा. एकदाच उचलला गेला.

"बरी आहे मी," वहिनी म्हणाली. "तुम्ही करू नका. वाटलं तर मी करीन."

वहिनीनं केला नाही.