बदलून आणलेली कोंबडी

शारजाच्या पक्षीबाजारातल्या विक्रेत्याने मला फसवलं. ताज्या लाकडी भुशाचा वास आला की हे अजून आठवतं, कारण दुबईतल्या अल क्वोजमधल्या माझ्या सुतारकामाच्या वर्कशॉपमागे त्याच भुशाच्या खोक्यात माझी बॅन्टम कोंबडी बसायची. जेमतेम कबुतराएवढी, पायांवर पिसं, आणि इतकी गरीब की माझ्या हातावर चढून दाणे खायची. एकदा मात्र ती जवळजवळ तीन आठवडे सात अंड्यांवरून उठेचना. दाणा सोडला, अंग तापलं, हात नेला की फुगून चोच मारायची. आजारी माल गळ्यात मारला म्हणून मी तिला घेऊन बाजारात गेलो आणि तासभर भांडलो. विक्रेत्याने तिचं पोट चाचपलं, गालात हसला आणि म्हणाला, "खलास, भाई, दूसरी ले जाओ." मी लढाई जिंकल्यासारखा दुसरी घेऊन आलो. ती अंड्यांकडे फिरकलीही नाही. दोन दिवसांनी आमच्या म्हाताऱ्या कोकणी मिस्त्रीने एक अंडं फोडलं. आत पूर्ण वाढलेलं पिल्लू होतं, गार पडलेलं. "शेट, ती आजारी नव्हती, खुडूक होती. अंडी उबवत होती." "मग मी नेताना बोलला का नाहीस?" "तुम्ही रागात असलात की कोण बोलणार?" पोट चाचपताच विक्रेत्याला सगळं कळलं होतं, तरी तो गप्प का राहिला, याचं उत्तर मला हवंच आहे. पण त्या सात पिल्लांचा जाब आजवर मला कोणी विचारलेला नाही. कोणीतरी विचारा.