तनूची मूठ

माझा आवाज असा, की लोणखेड्यात मी खाकरलो तर शहाद्याच्या स्टँडवर बस थांबते. पण त्या दिवशी शाळेत माझी वाचाच बसली. माझी तनू आठ वर्षांची. तिला बोललेलं उशिरा उमजतं, वर्गात बसवलं की पळते. तिच्यापुरता वेगळा शिक्षण आराखडा करायला विशेष शिक्षिका मॅडमांनी मला बोलावलं होतं. "दादा, तनूला काय काय येतं?" हाकेला वळूनही न पाहणाऱ्या लेकीचं काय सांगू? मुख्याध्यापक हळूच म्हणाले, "नाहीतर घरीच शिकू द्या." म्हणजे शाळा सुटलीच. येताना कानबाई देवीशी भांडूनच म्हणालो, "माय, हिची शाळा राख."

कानबाईच्या नैवेद्याच्या रोटांसाठी आमच्यात घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू काढतात. ओट्यावर तेच चाललं होतं. बसची वाट पाहणारी एक अनोळखी म्हातारी पाणी प्यायला टेकली. तनू परातीपाशी घुटमळत होती. "तनू! ए तनू! तनूऽऽ!" माझ्या हाकांनी पत्र्यावरची कबुतरं थेट गुजरातेत गेली. तनू ढिम्म.

"भो, तू माणूस शे का रेल्वेना भोंगा?" म्हातारी म्हणाली. "एकच हाक मार, मंग चूप ऱ्हाय. ती येई ऱ्हायनी, वाटवर शे."

एकच हाक मारली आणि गप्प राहिलो. तेवढ्यात तापी दोनदा आटून भरली असेल! आणि तनू वळली. माझ्याकडे पाहिलं. मग माझी आई एकेक नाव घेऊन थांबत गेली, तनू एकेक मूठ टाकत गेली, जागची न हलता. नावं संपली. तनूने आणखी एक मूठ भरली, आपल्या छातीला लावली आणि परातीत टाकली.

"आंडेरना नावनं नही काढतस वं," आई पुटपुटली; लेकीच्या नावाची मूठ आमच्यात नसतेच. पण ती मूठ परत काढायला तिचा हात उठला नाही.

म्हातारी तोवर बसने गेली होती. गावात सांगताना मी तिच्या हातात देवीसारखा हिरवा चुडा घालतो. खरं तर प्लास्टिकची पिशवी होती. त्या पिशवीलाही माझा नमस्कार.

मॅडमांना हे सांगितलं. त्यांनी आराखड्यात पहिलं तेच घेतलं: एक हाक, मग वाट पाहायची; मोजणी शिकवायची ती दाण्यांनी. तनू आता वर्गात बसते. कधी पळतेही. पळाली की पूर्वीसारखा मी देवीशी भांडत नाही. एक हाक मारतो आणि गप्प उभा राहतो. पुढचं तनू आणि कानबाई, दोघी बघून घेतात.