सासऱ्यांची ओली फिल्म

माणसांपेक्षा फिल्मची प्रकृती अधिक जाणणारे गृहस्थ मी आयुष्यात एकच पाहिले, आणि नशिबाने ते माझे सासरे निघाले. गिरीज गावात त्यांची केळीची वाडी होती, पण जीव सगळा कॅमेऱ्यात. लढाई नुकतीच संपलेली, फिल्म मिळायची मारामार. मिळालेला रोल ते बाळंतिणीसारखा जपत. ऊन नको, दमट वारा नको. बिस्किटाच्या डब्यात भाजलेले तांदूळ घालून त्यावर तो ठेवत, कारण भाजलेला तांदूळ ओल ओढून घेतो. सासूबाई म्हणत, "चांगला तांदूळ आधी फिल्म जेवते, उरला तर आम्ही." धुतलेली फिल्म दोरीवर वाळत असली की घरात केर काढायची बंदी. तिला बोट लावायची परवानगी तर साक्षात जावयालाही नव्हती. दिवाळसणाला मी कौतुकाने एक फिल्म चिमटीत धरायला गेलो. "जावईबापू, कडेला धरा. बोटाचा ठसा जन्मभर जात नाही," असं त्यांनी इतक्या थंडपणे सुनावलं की मी करंजी अर्धी टाकून हात धुऊन आलो.

त्याच दिवाळीत त्यांच्याबरोबर पाचूबंदरच्या कोळीवाड्यात गेलो. एका कोळीणबाईचा मुलगा त्या संध्याकाळी खलाशी म्हणून जहाजावर निघायचा होता, आणि त्याचा फोटो कधीच निघालेला नव्हता. सासऱ्यांनी मायलेकांना होडीत उभं करून रोलमधला शेवटचा फोटो घेतला, कोटाच्या सावलीत रोल बाहेर काढला, आणि उतरताना तो निसटून थेट खाडीत पडला. मुलाने उडी मारून काढला खरा, पण दुसरा रोल जवळ नव्हता. बाई रडकुंडीला आली. कोळीवाड्यात ओल्या वस्तूवर उपाय एकच. ती म्हणाली, "भाऊ, बोंबलाच्या काठीवर टांगा. उनात सुकंल." चार बायका काठी मोकळी करायला धावल्यासुद्धा. सासरे म्हणाले, "सुकली तर चिकटून बसेल, बाई. हिला आता पाण्यातच ठेवायची." त्यांनी गोड्या पाण्याचं मडकं मागून रोल त्यात बुडवला, वर झाकण, झाकणावर आपला कोट, आणि ते मडकं छातीशी धरून गिरीजपर्यंत चालत आले. मी टांगा करायचं सुचवलं. "हिंदकळेल," ते म्हणाले.

धान्याच्या कणग्यांच्या बिनखिडकीच्या खोलीत, तांबड्या काचेच्या कंदिलाशी त्यांनी ती फिल्म माठातल्या गार पाण्याने धुतली. पाणी कोमट असतं तर चित्र धरणारा वरचा थरच सुटला असता. मी शिंक दाबून उभा. परातीतल्या रसायनात मुलाचा चेहरा काळ्याचा पांढरा, पांढऱ्याचा काळा होऊन हळूहळू उमटला, तेव्हा माझ्यासारख्या शिकल्यासवरल्या माणसाचे हात नकळत जोडले गेले. आईच्या चेहऱ्यावरचा थर मात्र निघून गेला होता. मुलाच्या खांद्यावरचा तिचा बांगड्यांचा हात तेवढा राहिला. सासरे मान खाली घालून फोटो द्यायला गेले, तर ती म्हणाली, "माजा तोंड मना कशाला? पोराचा आला ना."

बऱ्याच वर्षांनी तो मुलगा परतला. आई आधीच गेली होती. तिचा फोटो मागायला तो गिरीजला आला. सासऱ्यांनी डब्यातल्या तांदळावरून ती निगेटिव्ह उचलली आणि म्हणाले, "चेहरा नाही रे. हात आला आहे." त्याने ती उजेडाकडे धरली, बराच वेळ पाहिली आणि त्या हातावर आपलं बोट टेकवून तसाच उभा राहिला. मी घाबरून सासऱ्यांकडे बघितलं. ते वाडीतल्या केळींकडे पाहत होते. पुढे कितीदा तरी त्यांनी डब्यातले तांदूळ बदलले, पण तो ठसा पुसायला ते कधी गेले नाहीत.